इंग्रजी अक्षरं पुढे सरकतात आणि मी तिथेच अडकते

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका 22 वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी माध्यमाची. बी.ए. झाल्यापासून ती पोलीस भरती आणि स्टाफ सिलेक्शनच्या जीडी (जनरल ड्यूटी) कॉन्स्टेबल परीक्षेची तयारी करते आहे. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, चांगलं आहे, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञानात गुण पडतात. बुद्धिमत्ता चाचणीत, म्हणजे रिझनिंगमध्ये, मात्र ‘एका सांकेतिक भाषेत अमुक शब्द असा लिहितात, तर तमुक कसा लिहाल’ हा प्रश्न आला की तिचा हात थांबतो. प्रत्येक अक्षराचा क्रमांक ती ए-पासून बोटांवर मोजते. अभ्यासिकेत शेजारी बसणारी मैत्रीण असा प्रश्न नुसतं बघून सोडवते. लहानपणी धाकट्या बहिणीबरोबर ‘च’ची भाषा आपण सहज बोलायचो, मग आता काय झालं, असंही तिने विचारलं आहे. एका सराव परीक्षेतला प्रश्न तिने पत्रात उतरवून पाठवला आहे: सी-ओ-टी-टी-ओ-एन, म्हणजे कॉटन, हा शब्द डी-क्यू-डब्ल्यू-एक्स-टी-टी असा लिहिला, तर टी-एच-आर-ई-ए-डी, म्हणजे थ्रेड, कसा लिहाल? तिला वाटलं, कॉटनमधले दोन टी शेवटी गेले. त्यावरच बराच वेळ गेला आणि पुढचे प्रश्न राहून गेले.

तिचे प्रश्न असे. मला बुद्धीच कमी आहे का? एका क्लासमध्ये फक्त रिझनिंगचे 9 हजार सांगतात. पुढच्या महिन्यात आईची भिशी लागणार आहे, ते पैसे मागू का? की रिझनिंग सोडून सामान्य ज्ञानावरच भर देऊ? की हा नाद सोडून युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाऊ? आणि पेपर संपायला पाच मिनिटं असताना असे दोन-तीन प्रश्न उरले, तर काय करायचं?

*

तुझं पत्र वाचल्यावर आधी कागद घेतला आणि तू पाठवलेला कॉटनचा प्रश्न सोडवला. तू नेमकी कुठे अडकलीस ते त्यात दिसतं. ते तुला दाखवल्याशिवाय क्लास आणि भिशीबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अक्षरांच्या जागी आकडे ठेवून बघ. सी तिसरा, त्याचा डी झाला, म्हणजे चौथा. एक घर पुढे. ओ पंधरावा, त्याचा क्यू झाला, सतरावा. दोन घरं. पहिला टी विसावा, त्याचा डब्ल्यू, तेविसावा. तीन घरं. दुसरा टी विसावाच, पण त्याचा एक्स झाला, चोविसावा. चार घरं. मग ओ पंधरा, पाच घरं पुढे, वीस, टी. एन चौदा, सहा घरं पुढे, पुन्हा वीस, पुन्हा टी. उत्तरात शेवटी दिसणाऱ्या दोन टींपैकी एक ओ-चा झालेला आहे आणि दुसरा एन-चा. कॉटनमधल्या टींशी त्यांचा काही संबंध नाही. नियम फक्त इतकाच: पहिलं अक्षर एक घर, दुसरं दोन, तिसरं तीन, असं वाढत जायचं. त्या हिशोबाने थ्रेडचं उत्तर येतं यू-जे-यू-आय-एफ-जे. टीचा यू, एचचा जे, आरचा यू, ईचा आय, एचा एफ, डीचा जे. एकेक अक्षर स्वतः पडताळून बघ.

आता नीट ऐक. तुझी नजर जोडअक्षरावर, म्हणजे लागोपाठ दोनदा आलेल्या अक्षरावर गेली, हे बरोबरच झालं. असा प्रश्न सोडवण्याची पहिली खूण तीच असते. फक्त तिला प्रश्न चुकीचा विचारलास. ‘हे दोन टी कुठे गेले?’ असं तू विचारलंस. विचारायला हवं होतं, ‘मूळ शब्दातल्या जोडीचं काय झालं? दोन्हींच्या जागी एकच अक्षर आलं, की वेगवेगळी आली?’ एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. लूम हा शब्द घे, एल-ओ-ओ-एम. त्याचा संकेत ओ-आर-आर-पी असेल तर दोन ओंच्या जागी दोन आर आले, जोडी जोडीच राहिली. म्हणजे अक्षर शब्दात कुठेही असो, त्याची बदली ठरलेली आहे. इथे सगळी अक्षरं तीन घरं पुढे गेली आहेत. कॉटनमध्ये दोन टींचे डब्ल्यू आणि एक्स झाले, जोडी फुटली. जोडी फुटली की समजायचं, नियम अक्षराच्या जागेवर अवलंबून आहे. मग वाढत जाणारे किंवा आलटून-पालटून येणारे आकडे शोधायचे.

ही युक्ती कुठल्या क्लासने काढलेली नाही. रोमचा ज्युलियस सीझर आपल्या गुप्त पत्रांत अक्षरं तीन घरं पुढे सरकवून लिहायचा, अगदी आपल्या लूमसारखी. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने असे संकेत फोडायची पद्धत लिहून ठेवली. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, कारण अक्षर बदललं तरी त्याचं पुन्हा पुन्हा येणं लपत नाही. तू जोडअक्षरावर थांबलीस तेव्हा त्याच वाटेवर होतीस.

म्हणून बुद्धी कमी असल्याच्या तुझ्या शंकेवर माझा विश्वास नाही. त्या शंकेमागे एक समजूत आहे आणि ती तुझ्या एकटीची नाही. पेपरावर ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असं छापलेलं असतं, म्हणून त्यातले गुण म्हणजे आपल्या डोक्याचं माप, असं बहुतेकांना वाटतं. अशा चाचण्यांची सुरुवात पॅरिसमध्ये 1905 मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे कळावं, यासाठी. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि ती वाढत नाही, या कल्पनेला बिनेचा स्वतःचा सक्त विरोध होता. आणि भरतीच्या पेपरातले कोडिंगचे, म्हणजे सांकेतिक भाषेचे प्रश्न तर त्याहूनही साधे. वर्णमाला किती तयार आहे आणि शोधायचा क्रम ठरलेला आहे का, एवढंच ते तपासतात. दोन्ही गोष्टी शिकता येतात. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारी लहान मुलंही हे प्रश्न सोडवतात. त्यांना ते आधी बसून शिकवलेलं असतं. तुला तसं कुणी शिकवलंच नाही.

‘च’ची भाषा मात्र कुणी न शिकवता आली, असं तू म्हणशील. ‘मला’चं ‘चलाम’, ‘पाणी’चं ‘चणीपा’. पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. दोन-चार शब्द ऐकून तुझ्या बहिणीने नियम पकडला आणि पुढचा शब्द स्वतः तयार केला. पेपरातला प्रश्न हेच करायला सांगतो. फरक एवढाच की ‘मला’तली अक्षरं तुझ्या तोंडात होती, आणि ए-बी-सी-डी तुला फक्त पुढच्या दिशेने म्हणता येते. मधूनच कुणी ‘आर कितवा?’ विचारलं की पुन्हा ए-पासून सुरू. बोटांवर मोजण्यात कमीपणा काहीच नाही, पण वेळ तिथेच जातो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची आणि 90 मिनिटांची, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. जीडीला 60 मिनिटांत 80 प्रश्न, एकाला 45 सेकंद. सहा अक्षरांचा शब्द, त्याचा सहा अक्षरांचा संकेत, आणि बारा वेळा ए-पासून मोजायचं. कितीही हुशार माणूस असला तरी त्याला ते 45 सेकंदांत जमणार नाही.

तेव्हा पहिलं काम वर्णमालेचं. पाच खांब पाठ कर: ई 5, जे 10, ओ 15, टी 20, वाय 25. क्लासवाले याला ‘इजोटी’ म्हणतात. आर हवा असेल तर टी वीस, दोन मागे, अठरा. एल हवा असेल तर जे दहा, दोन पुढे, बारा. मग कागदावर एक तक्ता काढ. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे ए ते एम, तेरा अक्षरं. खालच्या ओळीत उरलेली तेरा, पण उजवीकडून डावीकडे: एमच्या खाली एन, एलच्या खाली ओ, असं करत एच्या खाली झेड येईल. वरती 1 ते 13 आकडे लिही, खाली 14 ते 26. या एका तक्त्यात क्रमांकही मिळतात आणि उलट अक्षरंही मिळतात. उभ्या जोडीतल्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी 27 येते.

तू लिहिलं आहेस की तक्ता काढून सोडवलं तर ‘खरं रिझनिंग’ होत नाही असं वाटतं, मैत्रीण तर नुसतं बघून सांगते. अगं, कच्च्या कामाला कागद दिलेला असतो तो कशाला? तपासणाऱ्याला तुझा तक्ता दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त उत्तर जातं. पेपर सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटात तो काढून ठेव, मग तो सगळ्या कोडिंगच्या आणि अक्षरमालिकेच्या प्रश्नांना पुरतो. त्यासाठी तो न बघता अर्ध्या मिनिटात काढता आला पाहिजे. रोज सकाळी ग्राउंडवरून आल्यावर एकदा काढायचा, एवढाच सराव. थोड्या दिवसांत कागदाशिवायच आकडे सुचायला लागतील. तुझ्या मैत्रिणीचंही असंच झालं असणार. तिला एकदा विचार, ‘मोठ्याने बोलत सोडव ना.’ ती काय-काय तपासते आणि कोणत्या क्रमाने तपासते ते ऐकलंस की नुसतं बघून सोडवण्याचं कोडं तुला उलगडेल.

आता शोधायचा क्रम. हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक मुलं नियम पाठ करतात, पण आधी काय बघायचं हे ठरवत नाहीत. मग प्रत्येक प्रश्नात सगळे नियम एकदम डोक्यात गर्दी करतात.

आधी जोडअक्षर किंवा पुन्हा आलेलं अक्षर बघायचं. ते का, हे वर सांगितलंच. मग पहिल्या दोन-तीन अक्षरांचा फरक काढायचा, सगळ्यांचा नाही. फरक सारखा आला, किंवा एकेकाने वाढत गेला, तर शेवटच्या अक्षरावर पडताळा घ्यायचा आणि पुढे जायचं. फरक वेडेवाकडे आले तर बेरीज करून बघायची. वूल, डब्ल्यू-ओ-ओ-एल, याचा संकेत डी-एल-एल-ओ दिला असेल तर फरक काढत बसलीस की 19 मागे, 3 मागे, 3 पुढे असं काहीतरी हाती लागतं आणि माणूस घाबरतो. बेरीज कर: 23 आणि 4, 15 आणि 12, 12 आणि 15. सगळीकडे 27. उलट अक्षरं ठेवली आहेत. तुझ्या तक्त्यात तर आकडेमोडही नको, डब्ल्यूच्या वर डी बसलेलाच आहे.

बेरीजही जमली नाही तर शब्द उलटा केला आहे का ते बघायचं. इथेही पुन्हा येणारं अक्षरच उपयोगी पडतं. वीव्ह हा शब्द घे, डब्ल्यू-ई-ए-व्ही-ई, आणि संकेत एफ-डब्ल्यू-बी-एफ-एक्स. मूळ शब्दात ई दुसऱ्या आणि पाचव्या जागी आहे. संकेतात एफ पहिल्या आणि चौथ्या जागी आहे. शेवटून मोजलंस तर पाचवी जागा पहिली होते आणि दुसरी जागा चौथी. म्हणजे शब्द आधी उलटा केला, मग प्रत्येक अक्षर एक घर पुढे नेलं.

यानंतरही काही सापडलं नाही तर प्रश्नाला खूण करून पुढचा प्रश्न घ्यायचा. इथेच हात आखडता घेता आला पाहिजे. कॉटनच्या प्रश्नाने तुझा एक गुण घेतला, पण त्याच्या मागे राहून गेलेल्या प्रश्नांनी त्याहून जास्त घेतले. बाकीचा पेपर झाल्यावर परत आलीस की तोच प्रश्न कधी कधी नव्या नजरेने दिसतो.

शब्दाचा संकेत तयार करताना तू फारशी चुकत नाहीस, पण संकेत देऊन मूळ शब्द विचारला की गडबड होते, असंही तू लिहिलं आहेस. इथे दिशा बदलते. लूमच्याच नियमाने डब्ल्यू-आर-झेड-एच-ओ हा कोणत्या शब्दाचा संकेत, असं विचारलं तर तीन घरं मागे यायचं: टी-ओ-डब्ल्यू-ई-एल, टॉवेल. घाईत कुणी पुढे गेलं तर झेड-यू-सी-के-आर येतं, आणि पेपर काढणारे तेही पर्यायांत ठेवू शकतात. इथे तुझ्या बाजूची एक गोष्ट आहे. मूळ शब्द विचारला असेल तर उत्तर बहुतेक वेळा अर्थाचा शब्द असतं. निरर्थक काही आलं तर आपण उलट्या दिशेने गेलो का, हे आधी बघ. आणि आकडा 26 च्या पुढे गेला तर 26 वजा कर, एकाच्या खाली गेला तर 26 मिळव. झेडनंतर पुन्हा ए येतो.

पोलीस भरतीत कधी कधी मराठी अक्षरांचेही असे प्रश्न येतात. ‘नगर’ हा शब्द ‘पघल’ असा लिहिला, अशा धर्तीचे. त्यात तर तू इंग्रजीपेक्षा पुढे असायला हवीस. क ते म ही 25 अक्षरं पाच-पाचच्या पाच रांगांत बसतात. क, च, ट, त, प ही रांगांची पहिली अक्षरं, म्हणजे 1, 6, 11, 16, 21. त्यांच्यापासून मोजायचं. फक्त ङ आणि ञ धरले आहेत की गाळले आहेत, हे दिलेल्या उदाहरणावरून आधी ठरवून घे.

एक गोष्ट क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत, म्हणून सांगते. काही प्रश्नांत एका उदाहरणाला दोन नियम बसतात आणि मूल स्वतःवर शंका घेत बसतं. साडी, एस-ए-आर-आय, हिचा संकेत आर-बी-क्यू-जे आहे. एक घर मागे, एक पुढे, एक मागे, एक पुढे, असा आलटून-पालटून नियम बसतो. व्यंजन एक घर मागे आणि स्वर एक घर पुढे, हाही बसतो. सिल्क, एस-आय-एल-के, विचारलं तर पहिल्या नियमाने आर-जे-के-एल आणि दुसऱ्याने आर-जे-के-जे. तर्क दोन्हीकडे शुद्ध आहे. अशा वेळी पर्याय बघायचे. त्यांत यांपैकी एकच असेल तर तेच उत्तर. पर्याय हे प्रश्नाचाच भाग आहेत, ते शेवटी बघायची सवय सोड. चार पर्याय कोणत्या अक्षरात वेगळे आहेत ते आधी पाहिलंस तर पूर्ण शब्दाऐवजी एक-दोन अक्षरं काढून काम भागतं.

आता तुझ्या पर्यायांकडे येते.

रिझनिंग पूर्ण सोडून द्यायचा विचार मला पटत नाही. तू अडतेस अक्षरांच्या कोडिंगला, आणि सोडायला निघालीस सगळा विषय. दिशा, नातेसंबंध, घड्याळ-कॅलेंडर, संख्यामालिका, आकृत्या, हे सगळं त्याच भागात असतं, आणि त्यात तुझे गुण ठीक आहेत असं तूच लिहिलं आहेस. पोलीस भरतीच्या लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान असे चार भाग असतात. त्यातला एक पूर्ण सोडून बाकी तिघांवर भरून काढणं म्हणजे जिथे आधीच चांगले गुण आहेत तिथून आणखी पिळायचं. चालू घडामोडींचा तर शेवटच नाही. अक्षरांच्या कोडिंगचे नियम त्यामानाने मोजकेच आहेत.

क्लासचं म्हणशील तर माझा विरोध क्लासला नाही. चांगला शिकवणारा माणूस वेळ वाचवतो. पण तू 9 हजार कशासाठी देणार आहेस, हे आधी स्वतःला विचार. वर्णमालेचा तक्ता आणि शोधायचा क्रम यांसाठी असेल तर ते या उत्तरात आलं आहे. दोन महिने आधी हे करून बघ. सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण या दोन्हींच्या मागच्या भरतीच्या प्रश्नपत्रिका मिळव, त्यातले फक्त कोडिंगचे प्रश्न वेगळे काढ आणि घड्याळ लावून सोडव. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकीचं कारण लिही: क्रमांक चुकला, दिशा चुकली, की नियमच सापडला नाही. पहिल्या दोन चुका सरावाने जातात, त्यांना मास्तर लागत नाही. दोन महिन्यांनी वहीत ‘नियम सापडला नाही’ हेच जास्त दिसलं, तर शिकवणाऱ्याची गरज आहे. तेव्हाही आधी एखादा तास बसून बघ. शिकवणारा नियम कसा शोधायचा ते दाखवतो, की नुसती उत्तरं भराभर फळ्यावर लिहितो, हे तासाभरात कळतं. मगच पैशांचं बोल.

आणि भिशी. ती आईची आहे. विड्या वळून ती महिन्याला त्यात पैसे टाकते, तेव्हा तिने त्यासाठी काही ठरवलेलंही असेल. तुला द्यायला ती नाही म्हणणार नाही, हे तुलाही माहीत आहे, म्हणूनच तू विचारायला कचरतेस. मागूच नकोस असं मी म्हणत नाही. पण ‘मला जमत नाही, मला बुद्धी नाही, म्हणून क्लास लावते’ असं म्हणून मागू नकोस. दोन महिन्यांनी वही घेऊन तिच्याजवळ बस आणि दाखव, ‘आई, हे आलं, हे अजून येत नाही, एवढ्यासाठी पैसे लागतील.’ तिला इंग्रजी अक्षरं कळत नसतील, पण कोणत्या कामाला पैसे घालायचे आणि कोणत्या नाही, ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती जे म्हणेल ते मान.

युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या कामाबद्दल तू ‘नाद सोडून’ असं लिहिलंस. ते मला खटकलं. आपल्या गावात शिवलेले शाळेचे गणवेश बाहेरगावी जातात, त्या कामात हुनर आहे आणि घरात पैसाही येतो. जावंसं वाटलं तर खुशाल जा. अर्ध्या दिवसाचं काम मिळालं तर तयारीबरोबरही चालेल, क्लासचे पैसे त्यातूनच उभे राहतील. फक्त एक कर. तो निर्णय कोडिंगच्या दोन-तीन प्रश्नांवर घेऊ नकोस. मैदानीचे 50 आणि लेखीचे 100 मिळून तुझी बेरीज सराव परीक्षांत कुठवर जाते, आणि तुझ्या प्रवर्गाची मागची कट-ऑफ किती होती, हे दोन आकडे शेजारी ठेव. अंतर थोडं असेल तर आणखी एक भरती जोर लावण्यासारखी आहे. खूप असेल, आणि दोन वर्षांत ते कमी होत नसेल, तर घरच्यांशी बोलायची वेळ झाली आहे. जीडीला वयाची मर्यादा कमी आहे, ती आणि तुला लागू होणारी सवलत जाहिरातीत आजच बघून ठेव.

राहिली ती शेवटची पाच मिनिटं. पोलीस भरतीच्या लेखीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्या वर्षीच्या जाहिरातीत आणि पेपरवरच्या सूचनांत हे पुन्हा वाचून खात्री करून घे, आणि तसंच असेल तर एकही गोल कोरा ठेवू नकोस. जीडीला बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात आणि चुकीला पाव गुण जातो. चारातला एक पर्याय जरी खोडता आला तरी तीन उरतात. असे तीन प्रश्न केलेस तर सरासरी एक बरोबर येऊन 2 मिळतील आणि दोन चुकून अर्धा जाईल, म्हणजे दीड गुण हातात राहतो. सोडून देण्यापेक्षा ते बरं. उरलेल्या प्रश्नांत जोडअक्षर असलेला शब्द आधी घे, त्याचा नियम सगळ्यात लवकर सापडतो. पूर्ण शब्द काढू नकोस. पहिलं आणि शेवटचं अक्षर काढ, न जुळणारे पर्याय खोड, उरलेल्यातला एक निवडून पुढे जा. आणि ओएमआर उत्तरपत्रिका असेल तर गोल भरायला शेवटचं एक मिनिट राखून ठेव. घाईत प्रश्नाचा क्रमांक एकने चुकला तर पुढची सगळी बरोबर उत्तरं चुकीच्या ओळीत जातात.